मुठीवरचा अंगठा

अक्का,

तुझ्या पुण्यानुमोदनाला सगळे दोन-दोन शब्द बोलले. तू किती सोशीक होतीस, विहारात सगळ्यांच्या आधी येऊन झाडून काढायचीस, सासूचं अंथरुणातलं सगळं केलंस, दोघे भाऊ ऊसतोडीला गेले की घर आणि रान तुझ्याच जिवावर चालायचं. सगळं खरं आहे. पण सशाचं कोणी बोललं नाही. बोलणार तरी कसं? पांढऱ्या कपड्यातल्या माणसांत, बुद्धमूर्तीपुढं उभं राहून कोण सांगणार की ससे धरण्यात या बाईचा हात धरणारं पंचक्रोशीत कोणी नव्हतं. माईक माझ्याकडं आला तेव्हा मी नुसतीच उभी राहिले. लोकांना वाटलं, धाकट्या जावेला रडू आवरंना. रडू येतच नव्हतं. मला बोलायला तेवढी एकच गोष्ट सुचत होती आणि ती तिथं बोलायची नव्हती.

म्हणून इथं बोलते. तू आता गप बसूनच ऐकणार आहेस. हयातीत कधी ऐकलं नाहीस.

मी लग्न होऊन बीडकडच्या शिरूरजवळच्या या गावात आले आणि पहिल्याच दिवाळीनंतर दोघे भाऊ कारखान्याला निघून गेले. दुसऱ्यांच्या घरी नवरा-बायकोची जोडी मिळून तोडणीचा एक कोयता होतो. आपल्याकडं दोघा भावांचा मिळून एक, कारण सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि रानात हरभरा उभा. मागं राहिलो आपण दोघी. माझी तुझी ओळखसुद्धा धड झालेली नव्हती. त्या दिवशी दिवस कलायला लागल्यावर तू तारांची वेटोळी ओच्यात घालून निघालीस, तेव्हा मी घाबरत विचारलं होतं,

"जाऊबाई, कुठं चाललाव तुमी?"

"पाव्हण्यांची सोय करायला. येतीस का?"

फाट्यावर वनखात्याचा फलक होता, ससा मारणं गुन्हा आहे म्हणून. त्यामुळं आपल्या घरात सशाला ससा म्हणायचं नाही, पाव्हणे म्हणायचं, हे मला बांधावर जाईपर्यंत समजलं नव्हतं. समजलं तेव्हा मी तोंड उघडलंच. माहेरी आमच्याकडं रोज संध्याकाळी वंदना असायची आणि मी दहावी पास झालेली, तेव्हा मला सगळंच माहीत होतं.

"काल वंदनेत तुमी पहिलं शील म्हणलाव की. जीव घेणार न्हाई म्हून."

"म्हणलं."

"मग?"

"मग काय. सशाला बी सांग, आमचा हरभरा खाऊ नको म्हून. त्येनं शील घेतलं की मी बी घेते."

दोन दिवसांनी चुलीवर रस्सा शिजला. पाट्यावर वाटलेलं काळं तिखट, वर तेलाचा तवंग. सासूबाई कितीतरी दिवसांनी उठून बसून जेवल्या. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि माझं शील तिथंच भिजलं. तू नुसती वाटी पुढं सरकवलीस आणि गालात हसलीस. त्या हसण्याचा मला पुढं कितीतरी दिवस राग यायचा.

मग मला शिकायची खुमखुमी आली. तू शिकवलंस, पण तुझं शिकवणं म्हणजे आधी नुसती बोलणी खायची. पहिली शिवी माझ्या साबणाला. लग्नात आलेला वासाचा साबण होता तो. "ह्या वासानं नगरचं ससं बी परत फिरंल," म्हणालीस आणि मला हातांना लिंबाचा पाला चोळायला लावलास. तारही तशीच. दुचाकीच्या क्लचची जुनी वायर उकलायची, तिचा एक-एक पदर मोकळा करायचा, चुलीच्या धुरात धरायचा आणि मग पाल्यानं पुसायचा. मग वाट ओळखायची. ससा रोज एकाच वाटेनं येतो, गवत दबून तिथं बोटभर खोल पन्हाळ पडलेली असते, लेंड्या पडलेल्या असतात, हरभऱ्याचे शेंडे तिरके तोडलेले असतात. त्या वाटेत पाय टाकायचा नाही, बाजूनं ओणवं होऊन काम करायचं. वाट जिथं झुडपाखालून आवळून जाते तिथं फास. "ससं वाट सोडत न्हाई, म्हून मरतंय," तू म्हणायचीस.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट फासाची उंची. ती तू हातानं दाखवलीस. मूठ जमिनीला टेकवायची, अंगठा वर उभा करायचा. अंगठ्याचं टोक येईल तिथं फासाची खालची कड. त्याच्या वर गेलं की ससा खालून निघून जातो, खाली आलं की छातीला लागतं आणि तो तार लोटून पार होतो.

मी तसंच केलं. मूठ, अंगठा, तार. आणि त्या हिवाळ्यात माझ्या फासात एकही पाव्हणा आला नाही. माझ्या फासापासून चार पावलांवर तुझा फास, त्यात ससा. माझा फास कधी कुशीवर पडलेला, कधी मुरगळलेला, कधी जसाच्या तसा आणि पलीकडं ताज्या लेंड्या. तू येऊन बघायचीस, वाट बरोबर, गाठ बरोबर, वास नाही. "तुझं नशीबच फुटकं हाय," म्हणून मोकळी व्हायचीस. मी रडायची. आज त्याच्यावर हसू यायला पाहिजे होतं.

मग एके सकाळी आपण दोघी चुलीपाशी भाकरी थापत होतो. तुझी भाकरी परातीभर आणि माझी बशीएवढी. नेहमीच तशी असायची, सासूबाई माझ्या भाकरीला पोराची भाकर म्हणायच्या. तू थापता थापता थांबलीस. पिठाचा हात तसाच पुढं करून माझं मनगट धरलंस आणि माझी मूठ तुझ्या मुठीशेजारी परातीत टेकवलीस.

"आगं बया! रंजे, तुझी मूठ तर लेकराची हाय. इतके दीस तू फास सशाच्या छातीला लावायलीस!"

माझ्या मुठीचा अंगठा तुझ्या अंगठ्यापेक्षा चांगला एक पेर खाली होता. दोघीही तोंड उघडं टाकून त्याच्याकडं बघत राहिलो. भाकरी करपली. आतून सासूबाई ओरडल्या, काय जळायलंय. त्यानंतर तू जी हसलीस ती पदर तोंडात कोंबला तरी थांबेनास.

त्याच दिवशी तू बांधावरची निरगुडीची काडी तोडलीस, तुझ्या मुठीच्या आणि अंगठ्याच्या मापानं विळ्यानं छाटलीस आणि मला दिलीस. "ही घे माझी मूठ. हिनं माप घेत जा." तिची साल पुढं निघून गेली, काडी हाताळून गुळगुळीत झाली. ती अजून खुंटीला टांगलेली आहे.

काडीनं लावलेल्या पहिल्या फासात ससा आला तो जिवंत. तार मी जुनीच वापरली होती, गंजलेली, ती सरकली नाही. तो ओरडत होता. ससा ओरडतो हे मला माहीतच नव्हतं. तान्हं लेकरू ओरडावं तसा. मी तिथंच खाली बसले आणि "अक्का, धर गं, धर गं" म्हणून बोंबलले. तोवर मी तुला जाऊबाई म्हणायची, तुमी म्हणायची. त्या दिवशी तू झालीस आणि पुन्हा तुमी झाली नाहीस. तू पळत आलीस, एका हाताच्या झटक्यात त्याचं ओरडणं थांबवलंस आणि दुसऱ्या हातानं माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की माझा श्वास अडकला.

"फास लावायचा तर असा लावायचा का त्याला वरडायला बी येळ मिळू न्हाई. न्हाईतर लावायचा न्हाई. कळलं का?"

रात्री जेवताना तू त्या वाटीला हात लावला नाहीस. मी विचारलं तर म्हणालीस, "मला आज भूक न्हाई." मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं की तुझ्यात काय चाललंय. पण मला तेव्हा रस्सा दिसत होता.

मग वर्षं गेली. सासूबाई गेल्या. तुझा पोरगा पुण्याला लागला, माझी पोरगी बीडला शिकायला गेली. हिवाळा आला की पुन्हा आपण दोघीच. फास लावायला दिवस कलताना दोघींनी जायचं, तार तू ओवायचीस, खुंटी मी ठोकायची. बघायला उजाडताना एकीनं जायचं, एकीनं चूल पेटवायची. बघायला गेलेली परत आली की आतल्या बाईनं विचारायचं, "पाव्हणे आले का गं?" मी बाहेर असले तर ओल्या हरभऱ्यातून येताना पायांच्या भेगांत त्याच्या पाल्यावरची आंबट आंब चरचरायची, आणि तुझा तो प्रश्न आणि चहाचा वास एकदमच यायचा. कधी "आले," कधी "न्हाई आले." हरभरा निघायच्या आधी शेवटचा फास काढायचा आणि एकही तार रानात ठेवायची नाही, हा तुझा नेम. आणि ज्यानं लावला त्यानंच काढायचा. दुसऱ्याचा फास काढला की त्यातलं पाप-पुण्य काढणाऱ्याचं होतं, असं तू म्हणायचीस. मी म्हणायची, हे कोणत्या सुत्तात आहे, दाखव. तू म्हणायचीस, गप बस.

मागच्या वैशाख पौर्णिमेला तू विहारातून आलीस आणि तारांचं बोचकं माझ्यापुढं ठेवलंस. "मी आता बंद केलं. तू तुझं बघ."

अक्का, यावरून आपण जे भांडलो ते मिटलंच नाही. मी म्हणाले, आयुष्यभर ससे खाऊन आता कसली शीलवान होतीस. तू म्हणालीस, आयुष्यभर खाल्लं म्हणूनच. मी म्हणाले, मला विचारायचं तरी. तू म्हणालीस, "शील जिचं-तिचं असतंय, रंजे. त्येला जावेची परवानगी लागती व्हय?" तुझं बरोबर होतं, आणि मला ते आजही पटत नाही. मला सशाचं काही नव्हतं गं. या घरात, या गावात माझं म्हणावं असं एकच काम होतं, तुझ्यासोबत दिवस कलताना बांधानं जायचं. ते तू एकटीनं ठरवून बंद केलंस. पुण्य तुला आणि रिकामी संध्याकाळ मला. मग मीही हट्टाला पेटले. एकटीनं फास लावायचा नाही म्हणजे नाही. सगळा हिवाळा आपण संध्याकाळी ओट्यावर दोन टोकांना बसून काढला. हरभऱ्याचे शेंडे ससे खाऊन गेले, आणि त्यावर आपण दोघीही बोललो नाही.

सकाळी सकाळी मात्र तुझ्या कडीचा आवाज मला ऐकू यायचा. मला वाटायचं, परसाकडं जातेस.

त्याच दिवसांत तुझी भाकरी लहान झाली. एका बाजूनं जाड, एका बाजूनं पातळ. मी चिडवलं, "अक्का, आता तुझी बी पोराची भाकर झाली की." तू तुझ्या उजव्या हाताकडं पाहिलंस, बोटं उघडली-मिटली आणि म्हणालीस, "थंडीनं वळंना झालाय." एकदा कप हातातून सुटला. मला ते वयाचं वाटलं. तुलाही तसंच वाटलं असेल.

मग ती सकाळ. चुलीपाशी बसल्या जागी तू कलंडलीस. तोंड एका बाजूला गेलं. जीप करून शिरूरला, तिथून बीडला. दवाखान्यात दुसऱ्या दिवशी तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस, आणि अर्ध्या तोंडानं म्हणालीस,

"येक फास ऱ्हायलाय गं. काढ."

सलाईन बघणारी नर्स चटकन वळली. फास म्हटलं की आपल्या भागात माणसाला दुसरंच आठवतं. मी तिला म्हणाले, तसलं काही नाही बाई, रानातलं आहे. मग तुझ्या कानाशी वाकून विचारलं, "कुठं?"

"तरवडापशी."

तरवड, अक्का! अख्खं रान तरवडाच्या फुलांनी पिवळं झालेलं. मी पुढं विचारलं, "तू तर शील घेतलं हुतंस की. मग फास काहून लावला?" तुझ्या तोंडाची चांगली बाजू हलली. ते हसणं होतं की दुखणं होतं मला कळलं नाही. तू डोळे मिटलेस. दोघे भाऊ कारखान्यावरून पोचायच्या आत तू गेलीस.

कार्यक्रम आटोपला तसे ते पुन्हा निघाले. मुकादमानं तेवढीच सवड दिली होती. निघताना भाऊजी तुझ्या ओट्याच्या टोकाला हात लावून उभे राहिले, मग टेम्पोत चढले. यांनी मला सांगितलं, "फास-बिस हुडकत बसू नको. ससं मेलं तर मरू दे." मी हो म्हणाले. टेम्पो फाट्याला वळला, मी घरात आले आणि खुंटीवरची काडी काढली.

मी रोज गेले. एकेक तरवड वाकून बघितला. हरभरा घाट्यांनी भरलेला, आता कधीही उपटायला बाया येणार. तू उजाडता कडी काढून कुठं जायचीस ते पाऊल न् पाऊल मी शोधत होते आणि तुझ्यावर चिडत होते. म्हणजे मला सोडून गेलीस तर. माझ्याशी न बोलता, माझ्या हट्टाकडं बघत बघत, एकटीच जात राहिलीस. ही जाऊ ओट्यावर बसून झुरते आणि तू पहाटे जाऊन फास लावतेस, आणि वर शीलवान. मेलेल्या माणसावर इतकं चिडता येतं हे मला माहीत नव्हतं.

काल सापडला. नाल्याकडच्या कोपऱ्यात, जुन्या तरवडाखाली, वाट जिथं आवळते तिथं. तार धुरकटलेली, गाठ तुझी, खुंटीसुद्धा तूच ठोकलेली, वाकडी. फास उघडा. रिकामा. त्याच्या पलीकडं लेंड्या, ताज्या.

मी ओणवी झाले आणि काडी लावली. काडी फासाच्या कडेपेक्षा उंच झाली. पुन्हा लावली. फास खाली होता, एक पेर खाली. मग मी मूठ जमिनीला टेकवली आणि माझा अंगठा उभा केला. तार बरोबर माझ्या नखाला लागली.

अक्का, हे काय केलंस तू?

हा फास धरण्यासाठी नाहीच. हा माझ्या पहिल्या हिवाळ्याचा फास आहे, ज्यात काही आलं नाही. तू शील मोडलं नाहीस. तुला तार ओवल्याशिवाय करमत नव्हतं म्हणून तू रोज जाऊन माझ्या मापाचा, न धरणारा फास लावायचीस. कडीचा आवाज मुद्दाम करायचीस, मी उठून मागं यावं म्हणून. असं मला वाटलं, आणि मी त्या ओल्या हरभऱ्यात बसून पहिल्यांदा रडले. खूप रडले. बरं वाटलं.

पण ते फार वेळ टिकलं नाही. कारण मला तुझा उजवा हात आठवला. न वळणारी बोटं, जाड-पातळ भाकरी, सुटलेला कप. तू मूठ टेकवली असशील आणि अंगठा उभाच राहिला नसेल. तू तुझ्याच मापानं लावला असशील, जीव घ्यायलाच, आणि तुला कळलंही नसेल की तुझी मूठ आता लेकराची झाली आहे. तुझ्या डोक्यातली ती शीर त्या आधीच कुरकुरायला लागली होती आणि रानातल्या त्या तारेखेरीज ते कोणालाच दिसलं नाही. आणि तसं नसेल, फास न धरणाराच असेल, तर मरताना "काढ" कशाला म्हणालीस? लहान पिल्लू अडकेल म्हणून? नेम म्हणून? की मी एकदा येऊन बघावं म्हणून?

मी दोन्ही बाजूंनी विचार करते. एका बाजूला तू मला माफ केलेलं असतं, दुसऱ्या बाजूला तू मरत असतेस. आज सकाळी उठले तेव्हा एक खरं वाटलं, भाकरी थापताना दुसरं. विचारायला एकच माणूस होतं आणि त्याला आम्ही सगळे मिळून जाळून आलो.

मी फास काढला. तुझा नेम होता. गाठ सोडताना मी खूप वेळ लावला, कारण ती सुटली की तुझ्या हातची एकही गाठ या जगात उरत नव्हती. मग सुटली. तार सरळ होत नव्हती, तशीच वेटोळं करून ओच्यात घातली आणि बांधानं परत आले. पायांत आंब चरचरत होती. चहाचा वास नव्हता.

दारापाशी आल्यावर पाय आपोआप थांबले. इथं थांबायची सवय आहे, आतून विचारीपर्यंत. मी उभी राहिले. शेजारचं कुत्रं येऊन हुंगून गेलं. उन्हं ओट्यावर आली, तुझ्या टोकाकडून माझ्या टोकाकडं सरकली. आतून काही आवाज आला नाही.

"न्हाई आले गं," मी म्हणाले, आणि आत गेले.